धावताना बोलायचं वाक्य

आमचे काका धावताना दिसले की लोक बाजूला होत. वेगामुळे नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर भावच असा असे की यांच्या मागे कोणीतरी लागलंय, उगाच आपण मध्ये कशाला सापडा. प्रत्यक्षात त्यांच्या मागे कोणी नसे. शर्यतीतसुद्धा जे काय असत ते त्यांच्या पुढे असत.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मला नोकरी लागली ती त्यांच्या गावात, म्हणून मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आलो आणि आलो तो तिथलाच झालो. दुकान काचेचं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या फ्रेमा. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, आणि घरात कुठेही अनवाणी चालायची सोय नाही. बारीक काच कुठे असेल सांगता येत नाही. माझ्या काकू पाहुण्यांना आधी चपला देतात, मग पाणी.

काच कापायची म्हणजे खरं तर कापायची नसतेच, हे मला तिथे कळलं. कटरने तिच्यावर एक रेघ ओढायची, खालून हलका ठोका द्यायचा, की ती आपली आपण त्या रेघेवर सुटते. रेघ एकदाच. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवला की काच मनाला येईल तिकडे तडकते. काका धावतही तसेच. सकाळी एकदा निघाले की थांबणं नाही, वळून बघणं नाही, ओळखीचा दिसला तर मानही नाही. असे ते तरुणपणापासून धावत आले आणि एवढ्या वर्षांत त्यांना बक्षीस म्हणून मिळाला एक टॉवेल. तोही सगळ्यांनाच दिला होता.

मग त्यांच्या दुकानात ऑपरेटर आले.

ऑपरेटर विजेच्या कंपनीत फोनवर बसतात. लोकांची वीज गेली की लोक त्यांना शिव्या देतात, आणि ऑपरेटर त्या शिव्या नोंदवून घेतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. पांढरी काठी टेकत ते दुकानात शिरले आणि म्हणाले, "आरसा हवाय."

काका गप्प. मी त्या दिवशी दुकानात होतो, मीही गप्प.

"हसा की," ऑपरेटर म्हणाले. "मागच्या दुकानात तर मालक आत जाऊन हसून आला. बायकोला हवाय, मला नाही. मोठा द्या, तिचं म्हणणं आहे की घरात तिच्याकडे बघणारं कोणी नाही."

काका हसले. आणि काका हसले की त्यांना बोलावं लागतं, कारण हसल्यानंतर काय करायचं हे त्यांना माहीत नाही. बोलता बोलता निघालं की ऑपरेटरही धावतात, अंधांच्या शर्यतींत भाग घेतात, आणि त्यांच्यासोबत धावणारा जो माणूस होता त्याची बदली झाली आहे.

"सोबत म्हणजे?" काकांनी विचारलं.

"मनगटाला मनगट बांधून. मध्ये दोरी. तो बघतो, मी धावतो."

काकांनी गल्ल्यामागून फ्रेमा टांगायच्या सुती दोरीचं रीळ काढलं, हातभर दोरी तोडली, दोन्ही टोकांना फास केले आणि एक फास ऑपरेटरांच्या हातात दिला. "एवढी पुरे?" म्हणाले. माझ्या काकूंच्या मते त्यांनी लग्नालाही इतका झटकन होकार दिला नव्हता.

त्या दोरीची एक भाषा होती. मनगट जरा आत घेतलं की डावीकडे वळण, बाहेर ढकललं की उजवीकडे, दोनदा हिसडा दिला की पायाखाली बघ, म्हणजे बघ कसलं, सांभाळ. पण सगळ्यात मोठा नियम शेवटच्या रेषेचा. तिथे सोबत्याने मागे राहायचं. ज्याला दिसत नाही त्याचं पाऊल आधी पडलं पाहिजे. दिसणारा केसभर जरी पुढे गेला तरी दोघंही बाद.

"आयुष्यभर मागे राहिलो तर कोणी विचारलं नाही," काका म्हणत. "आता मागे राहतो तर लोक टाळ्या वाजवतात."

आणि खरंच वाजवत. ऑपरेटर चांगले धावायचे. काका त्यांच्याबरोबर धावायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा तो पाठलागाचा भाव जायचा. रेषा जवळ आली की काका आपला हात पुढे सोडत, अंग मागे घेत, आणि ऑपरेटरांची छाती फितीला लागायची. फीत एकाचीच, पण दुकानात त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हकिकत ऐकावी लागे. खिडकीची काच मागायला आलेल्या माणसाला हे ऐकायची काही गरज नसते, पण त्याची काच काकांच्या हातात असल्यामुळे तो ऐके.

मग थंडीत काकांना न्यूमोनिया झाला.

आधी साधा खोकला होता. काकू म्हणाल्या, डॉक्टरकडे जा. काका म्हणाले, धावलं की मोकळं होईल. धावले. मोकळं झालं नाही. अंगात ताप घेऊन माणूस धुक्यातून धावून आला आणि दुकानात काचेच्या फळीला टेकून उभ्या उभ्या घसरला, तेव्हा फळीवरच्या काचा सुखरूप राहिल्या याचंच त्यांना बरं वाटलं. हॉस्पिटलात कळलं की एका फुप्फुसाभोवती पाणी झालंय. बरगड्यांमधून नळी घातली. नाकातोंडावर मास्क. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. काकू एकट्याच बोलत होत्या, काकांशी, माझ्याशी, नळीशी.

ऑपरेटर भेटायला आले. काठी भिंतीला टेकवून स्टुलावर बसले आणि काकांचं मनगट हातात घेतलं. मग म्हणाले, "काचवाले, निवड चाचणी थंडी संपल्या संपल्या ठेवलीय. देशाच्या संघासाठी. आमचे प्रशिक्षक सर म्हणतात, कॉलेजात एक पोरगा आहे, चांगला धावतो..."

काकांनी मास्क बाजूला केला. "मी येईन," म्हणाले.

नर्सने धावत येऊन मास्क परत लावला. ऑपरेटरांनी भिंतीची काठी हाताशी घेतली. "बरं," म्हणाले. "तुमचं नाव देतो."

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी काकांना समोर बसवून सांगितलं, "धावायचं विसरा असं मी म्हणत नाही. पण आधी चालायचं. मग चालण्यात थोडं थोडं धावणं मिसळायचं. आणि एक परीक्षा लक्षात ठेवा. धावताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तुटलं की चालायला लागा."

"अहो, यांना खुर्चीत बसूनसुद्धा पूर्ण वाक्य येत नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी ते मनावर घेतलं. परीक्षेसाठी एक वाक्य तयार केलं: "काल आरसा घेऊन गेलेल्या बाई आज तो परत आणणार आहेत, कारण त्यात त्या जाड दिसतात." अशी बाई खरोखरच होती आणि तिने तो खरोखरच परत आणला होता. काका म्हणत, वाक्यात खोटं असलं की दम लागतो.

कालव्याकडेच्या रस्त्यावर दिव्यांचे खांब आहेत. सुरुवातीला काका एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत नुसते चालत आणि खांबाला हात लावून उभे राहत. मी बरोबर असे. जाणारे येणारे मला विचारत, यांचं काही हरवलंय का. मग दोन खांब चालणं, एक खांब धावणं असं सुरू झालं. काका धावता धावता म्हणायचे, "काल आरसा घेऊन गेलेल्या बाई..." आणि तिथेच थांबायचे. बाई आरसा घेऊन जायच्या त्या परतच येत नव्हत्या.

"आल्या का हो बाई?" काकू दारातूनच विचारत.

"निघाल्यात," काका धापा टाकत म्हणत.

हळूहळू बाई अर्ध्या रस्त्यापर्यंत यायला लागल्या. 'परत आणणार आहेत' इथपर्यंत वाक्य पोचलं, आणि काकांनी लगेच ऑपरेटरांना निरोप धाडला की उद्यापासून मैदानावर या.

घोळ झाला तो इथे.

खरं तर काकांना अजून जोरात धावता येत नव्हतं. त्यांना येत होतं ते खांबांचं धावणं, थोडं पळा, थोडं चाला. पण चाचणी जवळ येत होती, आणि दुखणाईत माणसाच्या चालीने चालायचंय हे ऑपरेटरांना सांगायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी सांगितलं की ही नवी पद्धत आहे.

"हल्ली सगळीकडे असंच करतात, ऑपरेटर," ते दोरीचा फास मनगटात सरकवत म्हणाले. "सराव सावकाश. मध्ये मध्ये चालणं. ताकद साठवून ठेवायची आणि शर्यतीच्या दिवशी सोडायची."

"असं?" ऑपरेटर म्हणाले.

"असं. मोठमोठे धावणारे करतात."

"मग आपणही करू."

मी मैदानाच्या कडेला बाकावर बसून हे ऐकत होतो. काकांच्या गळ्यात घड्याळ होतं. प्रत्येक फेरीनंतर ते घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगत, आणि ती वेळ त्या फेरीची नसे. आजारापूर्वीच्या कुठल्यातरी चांगल्या सकाळची असे. पहिल्या दिवशी सांगताना त्यांचा आवाज जरा चाचरला. दुसऱ्या दिवशी नाही चाचरला. पुढे पुढे तर एखाद्या फेरीला "आज जरा मागे पडलो हं" असंही म्हणायला लागले, म्हणजे बाकीचं खरं वाटावं.

"काका, त्यांना कळणार नाही का?" मी एकदा घरी विचारलं.

"कळेपर्यंत मी बरा झालेला असेन," काका म्हणाले. "साहेब, तुम्ही तुमचं ऑफिस सांभाळा."

ते मला साहेब म्हणाले की पुढे बोलायचं नाही असा त्याचा अर्थ असतो.

आता मागे वळून बघताना वाटतं, काकूंनी कुरकुर बंद केली तेव्हाच संशय यायला हवा होता. हॉस्पिटलातून आल्यापासून त्या काकांच्या बुटांवर डोळा ठेवून होत्या. एकदा तर बूट धान्याच्या डब्यात लपवले होते. आणि मैदान सुरू झालं तशा त्या एकदम गप्प. सकाळी स्वतः उठून काकांच्या छातीला लोकर गुंडाळत, "सावकाश या," म्हणत. शिवाय त्या मधूनच विजेच्या कंपनीला फोन करत. घरात दिवे लख्ख जळत असताना.

"कशाला फोन?" काका विचारत.

"मीटर जरा बघायला सांगत होते."

"मीटरला काय झालंय?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून."

मला वाटलं, बायकांचं काहीतरी असतं. काकांना काहीच वाटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या बाईंच्या आरशाकडे होतं. चाचणीच्या आदल्या आठवड्यात बाई आरसा घेऊन चक्क दुकानाच्या पायरीपर्यंत आल्या. 'जाड दिसतात' एवढंच राहिलं होतं.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. मोठं मैदान, रंगीत पट्टे ओढलेले, कर्ण्यावरून नावं. काकांनी बूट धुतले होते. दोरी खिशात होती, नवी नाही, तीच, घामाने पिवळी पडलेली. टेबलाशी बसलेल्या माणसाने यादीवर बोट फिरवलं, काकांना एक बिल्ला दिला आणि म्हणाला, "तुम्ही तिकडे बसा. राखीव."

"काय राखीव?"

"राखीव सोबती. पहिल्या सोबत्याला काही झालं तर तुम्ही."

"पहिला सोबती मीच," काका म्हणाले.

त्या माणसाने यादी आमच्याकडे वळवली. ऑपरेटरांच्या नावासमोर दोन नावं होती, दुसरं काकांचं. पहिलं नाव असलेला पोरगा मैदानाच्या पलीकडे पाय ताणत उभा होता. उंच, हलका, आणि शेजारी ऑपरेटर. दोघांच्या मनगटांमध्ये निळ्या रबराचा पट्टा.

काका चालत गेले. मी मागे. काकू जागच्या हलल्या नाहीत, ते मला तेव्हा विचित्र वाटलं.

काका जवळ पोचायच्या आतच ऑपरेटर म्हणाले, "या, काचवाले."

"हे कधीपासून?"

"तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हापासून. संध्याकाळी, कॉलेजच्या मैदानावर."

"आणि सकाळी माझ्याबरोबर काय करत होता?"

"सकाळचं माझं हलकं धावणं. तेही लागतंच."

काकांनी बिल्ला बोटांत फिरवला. "नाव देतो म्हणाला होता."

"दिलंय की."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगणार होतो? नळीतून पाणी काढत होते तुमच्या. त्या माणसाला नाही म्हणू?" ऑपरेटरांनी चेहरा काकांकडे वळवला. "आणि काचवाले, सांगायचं तुम्हालाही होतं. तुमच्या घड्याळाची वेळ माझ्या घड्याळाशी पहिल्या दिवसापासून जुळत नाही." त्यांनी खिशावर हात ठेवला. त्यांच्याकडे बोलणारं घड्याळ आहे, कळ दाबली की आतून एक बाई वेळ सांगते. "मैदानावर मी तिला गप्प ठेवत होतो. फेऱ्यांच्या साठवलेल्या वेळा घरी गेल्यावर विचारायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"लोक फोन उचलल्यावर पहिला श्वास घेतात ना, त्यावरून मला कळतं हा भांडणार की रडणार. तुमचा श्वास मी रोज हातभर अंतरावरून ऐकत होतो. बोलून काय मिळालं असतं?"

पोरगा खाली बघत रबराचा पट्टा ताणत होता. वाईट मुलगा नव्हता. तो काकांना म्हणाला, "सर, शेवटच्या रेषेला मागे कसं राहायचं, ते जरा सांगाल का? माझं पाऊल पुढे जातंय."

आणि काकांनी सांगितलं. मला वाटलं होतं, निघून जातील, निदान दोन शब्द तरी सुनावतील. पण कोणी कामाचं विचारलं की त्यांना न सांगता राहवत नाही. हात पुढे सोड, खांदा मागे घे, त्याच्या पायाकडे बघू नको, छातीकडे बघ. पोराने मान डोलावली. ऑपरेटर ऐकत उभे होते. सांगून झाल्यावर काका कठड्यामागे, राखीव बसतात तिथे जाऊन बसले.

शर्यत चांगली झाली. हेच जास्त वाईट. ऑपरेटर असे धावले की मी तसे त्यांना कधी पाहिलेच नव्हते, काकांबरोबर आजारापूर्वीसुद्धा नाही. शेवटच्या वळणावर पोराने त्यांना बाहेर काढलं, दोघं सुटले, आणि रेषेवर पोराचा हात पुढे, खांदा मागे, अगदी सांगितल्याप्रमाणे. कर्ण्यावरून ऑपरेटरांचं नाव आलं. काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. वाजवताना त्यांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही निघत नव्हतं.

आम्ही घरी आलो. काकूंनी चहा टाकला. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तुला माहीत होतं?"

काकूंनी आधण ढवळलं. "मीच फोन करत होते त्यांना. म्हटलं, यांना सकाळी बाहेर न्या पण जोरात पळू देऊ नका. म्हणाले, वहिनी, काळजी करू नका, मी हळूच धावतो."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला फिरवत होतात. पोराला बागेत फिरवतात तसं."

"जिवंत फिरवत होतो," काकू म्हणाल्या. "तुम्हाला नवी पद्धत सुचली ना? मोठमोठे धावणारे करतात ती? त्या पद्धतीने तुमचं फुप्फुस सुधारलं. आता मला बोला."

"मला वाटत होतं की मी..." काका म्हणाले आणि थांबले. डॉक्टरीणबाईंच्या परीक्षेत ते तिथे नापास झाले असते, आणि धावतही नव्हते.

ते सकाळी मैदानावर जायचे बंद झाले. सरळ दुकानात. दिवसभर काच, रेघ, ठोका. गिऱ्हाइकांना हकिकत सांगणं संपलं, त्यामुळे गिऱ्हाइकं लवकर मोकळी व्हायला लागली आणि जरा हिरमुसायलाही. काकू दोनदा म्हणाल्या, नुसतं चालून तरी या. काका म्हणाले, कशाला, मीटर बघायला?

मग एका दुपारी ऑपरेटर दुकानात आले. कागदात गुंडाळलेला मोठा फोटो पुढे केला. "फ्रेम करायचाय. संघात निवड झाल्याचा. ऑफिसात लावणार म्हणतात."

काकांनी कागद सोडला. मी पलीकडे फ्रेमा पुसत होतो, रविवार होता. फोटो रेषेवरचा. ऑपरेटरांची छाती फितीवर, पोरगा मागे, निळा पट्टा ताणलेला. आणि अगदी कडेला, कठड्यामागे, टाळ्या वाजवणारा एक माणूस, तोंड उघडं.

"कसा आलाय?" ऑपरेटरांनी विचारलं.

"चांगला आलाय."

"पोरगा मागे आहे?"

"आहे. बरोबर अर्धं पाऊल."

"आणखी कोण कोण आहे?"

काकांनी फोटो जरा लांब धरला. "मागे गर्दी आहे," म्हणाले. "कोणी ओळखीचं नाही."

फोटोभोवती पुठ्ठ्याची चौकट बसवतात, ती थोडी रुंद घेतली की कडेचं झाकलं जातं. काकांनी रुंद घेतली. मग काच काढली, पट्टी लावली, रेघ ओढली. थांबले. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच रेघेवरून कटर दुसऱ्यांदा फिरवला. ठोका दिला तेव्हा काच तिरकी फुटली, त्यांच्या अंगठ्यापर्यंत.

"काय झालं?" ऑपरेटरांनी आवाजाकडे मान वळवली.

"काही नाही. काचच खराब होती."

दुसरी काच त्यांनी नीट कापली. फ्रेम बांधून दिली. काका अंगठ्याला चिंधी गुंडाळत असताना ऑपरेटर काठी चाचपत उठले आणि म्हणाले, "सकाळी येत जा, काचवाले. वहिनींना मी शब्द दिलाय. तुम्ही ठणठणीत होईपर्यंत सकाळ तुमची. मग संघाच्या शिबिराचं बघू."

"आणि ठणठणीत झालो की?"

"मग काय, तुम्ही मोकळे."

काका चिंधीची गाठ आवळत राहिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बूट जागेवर नव्हते.

आता रोज जातात. दोरी तीच, जुनी. काका गळ्यात घड्याळ घालत नाहीत. फेरी संपली की ऑपरेटर खिशातली कळ दाबतात आणि ती आतली बाई खरी वेळ सांगते, आवाज न चढवता, प्रत्येक फेरीला. काका ऐकून घेतात.

परवा काकू मला म्हणाल्या, "जरा मैदानावर जाऊन बघ रे. वाक्य पूर्ण होतंय का. हे मला सांगत नाहीत."

मी गेलो. बाकावर बसलो. दोघं माझ्यासमोरून सावकाश गेले तेव्हा काका बोलत होते, "काल आरसा घेऊन गेलेल्या बाई आज तो..." आणि तिथे तुटलं. छातीवर हात ठेवून ते चालायला लागले. ऑपरेटरही चालायला लागले. त्यांनी मान जराशी काकांकडे कलती केली, फोन उचलल्यावर करत असतील तशी, आणि काही म्हणाले नाहीत.

मी घरी पोचलो त्यानंतर थोड्या वेळाने काकाही आले. दुकानासमोर टेम्पोवाला दरवाज्याएवढी मोठी, जाड काच घेऊन उभा होता, वरच्या खोलीच्या बाल्कनीची. काकांनी एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि जिना चढताना काका त्याला सगळा वेळ झापत होते, काच अशी धरतात का, मागच्या वेळी तुझ्या भावाने अशीच धरली होती आणि कोपरा गेला होता, तो कोपरा कोणी भरून दिला, सांग, मीच ना. खालपासून वरपर्यंत एका दमात. टेम्पोवाल्याला धाप लागली. काकांना लागली नाही.

काकू स्वयंपाकघरात होत्या. भांडी वाजत होती, त्यामुळे त्यांनी हे ऐकलं नाही.

"काय रे?" त्यांनी मला विचारलं. "झालं का पूर्ण?"

काका जिन्यातून खाली आले, पायातल्या चपला झटकल्या आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

"नाही," मी म्हणालो. "अजून अर्ध्यातच तुटतंय."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग सांगते मी ऑपरेटरांना, अजून काही दिवस या म्हणून."

काका दुकानात गेले. आतून कटरचा आवाज आला, एकदाच.